कॉफीचं टोकन आणि दादाचं कोठार

कुंभकोणमच्या आमच्या घरात सकाळी सहाला डिग्री कॉफी होते आणि लगेच दादाचा लॅपटॉप उघडतो. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. तो आणि त्याचे चार मित्र मिळून छोट्या दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवतात. मागच्या महिन्यात एका रविवारी तो सकाळपासून गप्प होता. काकूनं विचारलं, "अरे, झालं काय?"

"पासवर्ड बदलला आणि सगळंच अडकलं."

झालं होतं असं. सॉफ्टवेअर आणि ते चालायला लागणारं सगळं सामान एका बंद डब्यात भरतात. त्या डब्याला कंटेनर इमेज म्हणतात. असे डबे जिथे ठेवतात, ते कोठार म्हणजे रजिस्ट्री. दादाच्या टीममधले पाचही जण आणि तीन सर्व्हर एकाच पासवर्डनं या कोठारात ये-जा करायचे. त्यातला एक मित्र दुसरी नोकरी लागली म्हणून गेला. भांडण काहीच नव्हतं, पण पासवर्ड त्याच्याकडे होता. म्हणून दादानं तो बदलला. जुना पासवर्ड घेऊन बसलेल्या सर्व्हरना मग नवा डबा मिळेना. रविवारची गर्दी, दुकानदारांचे फोनवर फोन!

संध्याकाळी मी त्याला ओढूनच कॉफी प्यायला नेलं. देवळाजवळच्या त्या हॉटेलात एक पाहुणे थेट कॉफी मास्टरसमोर जाऊन उभे राहिले. मास्टरनं न बोलता गल्ल्याकडे बोट दाखवलं. पाहुणे गेले, पैसे दिले, टोकन आणलं आणि कॉफी मिळाली.

दादा म्हणाला, "बघ, मला हेच बसवायचंय."

मी कॉम्प्युटर शिकलेली नाही, बीए इंग्लिशवाली. पण हे मला लगेच कळलं. मास्टर पैसे मोजत नाही, तुमचं नाव विचारत नाही. तो फक्त टोकन बघतो. टोकनवर दोन कॉफी असतील तर दोनच मिळतात, पोंगल नाही. कालचं टोकन आज चालत नाही.

रजिस्ट्रीतही असंच चालतं. टोकन नसताना डबा मागितला, तर रजिस्ट्री 401 असं उत्तर देते. म्हणजे "आधी ओळख पटवा". सोबत गल्ल्याचा पत्ताही देते. गल्ला म्हणजे ओळख तपासणारा वेगळा सर्व्हर. तो तुमचं नाव आणि पासवर्ड तपासतो आणि सही केलेलं टोकन देतो. त्यावर कोणता डबा, फक्त न्यायचा की ठेवायचाही, आणि किती वेळ, हे लिहिलेलं असतं. डॉकरच्या नियमाप्रमाणे मुदत लिहिली नसेल, तर टोकन 60 सेकंदच चालतं!

रजिस्ट्रीच्या सेटिंगमध्ये दादानं मुख्य चार गोष्टी भरल्या. गल्ल्याचा पत्ता म्हणजे रिअल्म. कोठाराचं नाव म्हणजे सर्व्हिस. टोकन देणाऱ्याचं नाव म्हणजे इश्युअर. आणि सही ओळखण्यासाठीचं प्रमाणपत्र. सही करायची गुप्त किल्ली फक्त गल्ल्यापाशी राहते. रजिस्ट्रीला ती लागतच नाही, तिला फक्त सही ओळखता आली की पुरे. एक गंमत म्हणजे दोन्ही सर्व्हरची घड्याळं जुळलेली लागतात, नाहीतर ताजं टोकनही शिळं ठरतं.

आता प्रत्येक माणसाचं आणि प्रत्येक सर्व्हरचं खातं वेगळं आहे. सर्व्हर डबा फक्त नेऊ शकतात, ठेवू शकत नाहीत. कुणी गेलं तर त्याचं एकच खातं बंद करायचं, बाकीच्यांना धक्का नाही.

ही काळजी उगाच नाही. 2019 च्या एप्रिलमध्ये डॉकर हबवर घुसखोरी झाली आणि सुमारे 1,90,000 खात्यांची माहिती उघडी पडली असावी, असं कंपनीनंच कळवलं. 2021 मध्ये कोडकव्ह या कंपनीच्या डॉकर इमेजमध्ये चुकून एक किल्ली राहून गेली. ती वापरून कुणीतरी 31 जानेवारीपासून त्यांच्या एका स्क्रिप्टमध्ये बदल केले आणि कंपनीला कळलं 1 एप्रिलला. दोन महिने! म्हणून दादाचा नियम असा, की किल्ली कधीही डब्यात ठेवायची नाही.

तुम्ही म्हणाल, आमच्या घरी कुठे आहेत कंटेनर? नसतील. पण एकच पासवर्ड भाचा, शेजारी आणि जुना भाडेकरू अशा सगळ्यांकडे असतो की नाही? मग आज एवढं करा.

वायफायला पाहुण्यांसाठी वेगळं नाव आणि पासवर्ड ठेवा. बऱ्याच राउटरमध्ये ती सोय असते. गुगल खात्याच्या सुरक्षा पानावर जाऊन कोणत्या फोनवर आणि कोणत्या अ‍ॅपमध्ये तुमचं खातं उघडं आहे ते बघा, आणि नको ते काढून टाका. ओटीपी म्हणजे थोड्या वेळाचं टोकनच. तो कुणालाही सांगू नका, अगदी बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्यालाही नाही.

काकूला मात्र एक शंका होती. "अरे, पण त्या मुलाला वाईट नाही वाटणार? इतकी वर्षं घरात जेवलाय तो."

दादानं त्याला फोन करून सगळं सांगितलं. तो हसून म्हणाला, "बरं केलंस रे! उद्या तुमच्याकडे काही बिघडलं, तर माझ्यावर कुणाचा संशय यायला नको."

पुढच्या रविवारी तो घरी जेवायला आला. काकूनं त्याच्या पानात दोन वडे जास्त वाढले, टोकन न मागता.