संग्रहालय आधीं, कीं संग्रह?

लोकसंस्कृतीचें संग्रहालय नव्यानें बांधावें काय, हा प्रश्न निघाला म्हणजे पुण्याचें उदाहरण प्रथम डोळ्यांपुढें येतें. कै. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनीं अडकित्ते, दिवे, दौती, वाद्यें अशा घरगुती वस्तू जन्मभर जमविल्या व तो संग्रह दिवंगत पुत्राच्या, राजाच्या, नांवें उभा केला. वस्तू वीस हजारांवर. मांडलेल्या मात्र अडीच हजारांच्या आसपास! तेव्हां पुण्यास जागा हवी, हें उघड आहे.

पूर्णेची गोष्ट निराळी. येथें इमारतीचा ठेका घेण्यास उत्साही पुष्कळ मिळतील. पण आंत ठेवावयाचें काय? परभणीच्या राजारामबापू कदमांनीं ज्या गोंधळास कीर्ति मिळवून दिली, त्याचें संबळ कांचेच्या कपाटांत मुकेंच राहणार. आमच्या मतें नगरपरिषदेनें प्रथम एक खोली व एक जाणता मनुष्य द्यावा, आणि गोंधळी-वासुदेवांचीं गाणीं ध्वनिमुद्रित करवावीं. व्यापारी बंधूंनींहि, १९५६ च्या कायद्यानें बाद झालेले शेर-पायलीचे जे संच माळ्यावर उरले असतील, ते मोडीत घालण्यापूर्वीं दाखवावे. मोडीचा भाव रोज मिळतो. पायली पुन्हां मिळत नाहीं. खोली भरली म्हणजे इमारतीची वर्गणी खुशाल मागावी. ती देण्यास आम्हीहि येऊं.