शेवटच्या रांगेतला माणूस

बारावीत असताना अण्णांबरोबर कोल्हापूरला गेलो होतो. बियाण्यांची खरेदी झाली, एस. टी.ला अवकाश होता. अण्णा म्हणाले, "चल, खासबाग दाखवतो." त्या दिवशी कुस्त्या नव्हत्या. मी वरच्या कडेला उभा राहून पाहू लागलो, तर अण्णा म्हणाले, "उभा कशाला? बस की खाली. बसून दिसतंय सगळं." बसलो. लाल मातीचा हौदा खरोखरच तळहातावर ठेवल्यासारखा दिसत होता.

राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त विलायतेला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचे कलोसियम पाहिले आणि तशा धर्तीचे कुस्तीचे मैदान कोल्हापुरात बांधायचे ठरवले. १९१२ साली खासबाग तयार झाले. रचना अगदी साधी आहे. मध्ये हौदा आणि त्याच्या सभोवती चढत जाणारी बैठक. मागची ओळ पुढच्या ओळीहून उंच, त्यामुळे पुढच्याचा फेटा मागच्याच्या आड येत नाही. शिवाय कुस्तीचा निकाल पाठ टेकली की नाही यावर. मैदान गोल असल्याने पैलवान कोणत्याही बाजूला पडला, तरी कुणीतरी ते समोरून पाहत असतेच. एका अर्थी सारे प्रेक्षक साक्षीदार!

रोममध्ये पुढच्या जागा सिनेटरांच्या, गोरगरीब पार वर. खासबागेतही एका बाजूला मान्यवरांसाठी व्यासपीठ होतेच. म्हणून मान देऊ नये असे माझे म्हणणे नाही. मात्र एकाच्या मानापायी दुसऱ्याची नजर अडू नये. महाराज विलायतेत असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतून भरण्याचा हुकूम निघाला. मैदान आणि हुकूम यांचा संबंध इतिहासाचे प्राध्यापक जोडतील किंवा तोडतील. मला तरी दोन्हींत एकच काळजी दिसते: मागे राहिलेल्याचे काय?

आता आपल्या स्नेहसंमेलनाकडे वळू. सपाट पटांगणावर मांडव पडतो. पुढे पाहुण्यांसाठी सोफे, मग खुर्च्या, आणि पालक मांडवाच्या खांबांमागे उभे. गेल्या वर्षी एकांकिकेत माझे छोटेसे काम होते. अण्णा रोजगार बुडवून आले. आमच्या घरातून कॉलेजच्या फाटकाच्या आत पाऊल टाकणारा मी पहिला. त्यामुळे अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. परतताना त्यांनी हळूच विचारले, "तुझं काम कुठलं रं? आवाज आला, पण तू दिसला न्हाईस." मी काय सांगणार?

कुणी म्हणेल, खासबाग बांधायला राजा लागतो, कॉलेजला ते परवडणार नाही. पण आपल्या जिमखान्यामागे चांगला उतार आहे. रंगमंच त्याच्या पायथ्याशी घेतला, तर सगळे प्रेक्षक उतारावर बसतील. पाहुण्यांना खुशाल पुढे बसवा. त्यांची डोकी खालीच राहतील. खर्च फक्त सतरंज्यांचा, आणि त्या आपल्याकडे आहेत!

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री खासबागेशेजारचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. मैदानातले व्यासपीठही त्या आगीत सापडले. बातमी ऐकून अण्णा रात्रभर अस्वस्थ होते. सकाळी त्यांनी एवढेच विचारले, "बसायची जागा शाबूत हाय न्हवं?"

यंदाच्या संमेलनाच्या समितीने मांडव ठोकण्यापूर्वी एवढे करावे. समितीतल्या एकाने पटांगणाच्या शेवटच्या टोकाला जाऊन खाली बसावे आणि तिथून रंगमंचाकडे पाहावे. काय दिसते ते पाहून मगच खांब रोवावेत. अण्णांना या वर्षीही बोलावणार आहे.

— द्वितीय वर्ष, बी. ए.