खप जोमात, रोमान्स कोमात!

रेबेका यारोसचं ‘ओनिक्स स्टॉर्म’ जानेवारी २०२५ मध्ये आलं आणि छापील, ई-बुक, ऑडिओ मिळून पहिल्याच आठवड्यात २७ लाख प्रती खपल्या. मीही जागून वाचलं. पण खरं सांगू? ‘फोर्थ विंग’ची मजा नाही. तिथे व्हायलेटच्या आईने झेडनच्या वडिलांचं बंड मोडलेलं, आणि नेमके या दोघांचे ड्रॅगन एकमेकांचे जोडीदार! एक मेला तर दुसराही जाऊ शकतो. भांडून जाणार कुठे? आता वैर संपलंय. नवा धोका आहे, पण तो बाजूला ठेवून आपण बेटांमागून बेटं फिरतो. पहिले दोन भाग २०२३ या एकाच वर्षात आले होते. ती घाई इथे दमछाक होऊन बाहेर पडते. मालिका पाच भागांची आहे. चौथा सावकाश येऊ दे, आपण थांबू.