सुया, लोकर आणि आमची न पटणारी मते



विणकामावर आमचे प्रेम आहे, म्हणूनच त्याविषयीची आमची मते कडक आहेत. महिला मंडळात ती मांडली की भगिनी नाराज होतात. तरीही आज लिहीत आहोत. पटली नाहीत तर भांडा, पण विचार जरूर करा.

कपड्यालत्त्याचा विषय किरकोळ आहे, असे निदान महाडच्या माणसाने तरी म्हणू नये. डिसेंबर १९२७ मध्ये ज्या परिषदेत आमच्या गावी मनुस्मृती जाळली गेली, त्याच वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांची वेगळी सभा घेतली. अस्पृश्यतेची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची पद्धत सोडा, अंगावरचे ते जड दागिने टाका, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. अंगावर काय घालावे हा प्रश्न तेव्हापासून आपल्यासाठी मानाचा आहे.

आमचे पहिले मत लोकरीबद्दल. ‘खरी लोकर ती खरी, ॲक्रिलिक म्हणजे नकली’ असे म्हणून नाक मुरडणाऱ्या भगिनी पुष्कळ. बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारे बहुतेक गुंडे ॲक्रिलिकचेच असतात आणि आमच्या भागाला ते बरेही पडतात. महाड-पोलादपूरचा पावसाळा चार महिने भिंतींना ओल आणतो. खरी लोकर त्यात लवकर वाळत नाही, पेटीत ठेवली तर कसर लागते. ॲक्रिलिक चटकन वाळते आणि त्याला कसरीची भीती फारशी नाही. मात्र आगीजवळ ते घातक. ते वितळते आणि कातडीला चिकटते. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांत थंडीत शेकोटी पेटते. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना आणि चुलीपुढे बसणाऱ्या बाईला ॲक्रिलिकचा स्वेटर देऊ नये. त्यांना सुती किंवा खऱ्या लोकरीचेच द्यावे.

दुसरे मत. हाताने विणले म्हणजे स्वस्त पडते, हा समज साफ खोटा आहे. हिशेब मांडून पाहा. छाती ३८ इंच, इंचाला ५ टाके, म्हणजे पुढची-मागची बाजू मिळून एका ओळीत १९० टाके. इंचाला ६ ओळी धरल्या तर २४ इंच लांबीला १४४ ओळी. झाले २७,३६० टाके. दोन बाह्यांचे तेरा हजार धरा. एकूण चाळीस हजारांवर टाके. मिनिटाला २० टाके घातले तरी तेहतीस-चौतीस तास लागतात. उसवणे, गळा उचलणे, शिवणे वेगळेच. आठ तासांच्या दिवसाने चार दिवसांहून जास्त मजुरी झाली. आणि शेजारीण सहज म्हणते, “लोकर आणून देते, एक विणून दे ना!”

मैत्रीने एखादा द्यावा, त्यात आनंद आहे. पण मागणी आली की मजुरी सांगावी, आणि सांगताना लाजू नये. आपल्या पूर्वजांनी वतनाच्या नावाखाली गावाची कामे राबून केली. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. वतने कायद्याने संपण्यास १९५८ साल उजाडले. फुकट राबण्याविरुद्ध लढलेल्या समाजाने घरच्या बाईचे श्रम फुकट समजावेत, हे आम्हांस पटत नाही.

तिसरे मत ऐकून सर्वांत जास्त राग येतो. रुखवतातले विणकाम बंद करावे. आपले लग्न तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर, पांढऱ्या वस्त्रांत साधेपणाने लागते. मग मांडवात क्रोशाची तोरणे, रुमाल, टीव्हीवरची झाकणे मांडून मुलीच्या हाताची परीक्षा कशासाठी? ती तोरणे नंतर पेटीत पडतात. पण ती विणताना गेलेले महिने परत येत नाहीत. बारावीच्या वर्षी मुलीच्या हातात पुस्तक असावे. विणकाम तिला आवडत असेल तर तिने ते परीक्षेनंतर, स्वतःसाठी करावे. सासरच्या लोकांना दाखवण्यासाठी करू नये.

चौथे मत, मुलांनाही सुई द्या. ‘हे बायकांचे काम’ म्हणणाऱ्या बापांनी विनयपिटक आठवावे. भिक्खूच्या आठ परिष्कारांत चीवर आणि भिक्षापात्राबरोबर सुईही आहे. मगधातील बांधांनी आखलेली भातखाचरे दाखवून भगवंतांनी आनंदांना तशी चीवरे करता येतील का, असे विचारले आणि आनंदांनी ती करून दाखवली. कापलेल्या तुकड्यांचे म्हणून त्या वस्त्राचा चोराला मोह नाही. आमच्या सावित्रीकाठच्या खाचरांकडे पाहिले की चीवराची ती आखणी लगेच समजते. वर्षावास संपल्यावर कठिन चीवराचे कापड भिक्खू मिळून त्याच दिवशी शिवून पुरे करीत. कापणे, शिवणे, रंगवणे, सगळे पुरुषांनीच. मग आपल्या मुलाने सुलट-उलट टाके शिकले तर बिघडले काय? निदान तुटलेले बटण लावण्यासाठी तो बहिणीला हाक मारणार नाही.

शेवटचे मत महिला मंडळांसाठी. वस्तीत स्त्रियांसाठी काही करायचे ठरले की शिवण-विणकामाचा वर्ग निघतो. निघू द्या. पण त्याच वर्गात पहिला तास हिशेबाचा ठेवा. माल कितीचा, तास किती लागले, मजुरी किती, बँकेतले खाते कोणाच्या नावावर, हे प्रत्येकीला लिहिता आले पाहिजे. टाके मोजणाऱ्या बाईला पैसे मोजणे अवघड नाही. तिला आजवर कोणी ते मोजू दिले नाहीत, एवढेच.

यातले कोणते मत खटकले, ते येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर बोला. सुया सोबत आणल्या तरी चालतील.

नमो बुद्धाय. जयभीम.