हेलसिंकी ते टोकियो : अंतर किती?

गेल्या आठवड्यात शाळेतील एका मुलाने आम्हांस विचारले, "फादर, फिनलंडच्या हेलसिंकीहून जपानच्या टोकियोला विमान किती लांब जाते?" नकाशावर पट्टी ठेवून उत्तर त्याने अगोदरच काढले होते, आम्ही केवळ होकार द्यावयाचा होता. तो आम्ही दिला नाही. कपाटावरील पृथ्वीचा गोल खाली काढला, धूळ पुसली आणि त्याच्या हाती दोरा दिला.

सपाट नकाशावर पट्टीची रेघ कझाकस्तान व मंगोलियावरून जाते. गोलावर मात्र दोरा ताणून धरताच तो आपोआप वर सरकतो आणि पार उत्तर ध्रुववृत्तापर्यंत चढून, सायबेरियावरून खाली टोकियोस उतरतो. हीच सर्वांत जवळची वाट. सुमारे ७८०० किलोमीटर. मुलगा पट्टीकडे रागाने पाहू लागला. पट्टीचा बिचारीचा काय दोष? गोल पृथ्वी सपाट कागदावर मावत नाही, एवढेच.

तथापि दोऱ्याचे उत्तरही पुरते नव्हे. १९८३ साली फिनलंडच्या फिनएअर कंपनीने टोकियोपर्यंत कोठेही न थांबता जाणारे विमान सुरू केले, तेव्हा सोव्हिएत संघाचे आकाश त्यास मोकळे नव्हते. म्हणून ते विमान सरळ उत्तर ध्रुवाकडे जाई, तो ओलांडून अलास्का व सायबेरिया यांमधील बेरिंगच्या सामुद्रधुनीवरून दक्षिणेस वळे आणि सुमारे तेरा तासांनी टोकियोस पोहोचे. ध्रुवाजवळ साधे होकायंत्रही भरवशाचे राहत नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. आणि त्या आकाशाची शिव चुकून ओलांडणे म्हणजे काय, हे त्याच वर्षी १ सप्टेंबरला जगाने पाहिले. अलास्काहून सोलकडे निघालेले कोरियाचे प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले. ते पाडण्यात आले आणि आतील २६९ माणसांपैकी एकही वाचले नाही.

पुढे काळ पालटला, सायबेरियाचे आकाश उघडले व तेरा तासांचे साडेनऊ झाले. युरोपातून पूर्वेकडे जाण्यास आमच्या गावची वाट जवळची, या एका गोष्टीवर फिनएअरने आपला मोठा व्यापार उभा केला. त्यात खोटे काही नव्हते. दोरा आजही तेच सांगतो.

परंतु फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर सैन्य घातले. युरोपीय संघाने रशियाच्या विमानांस आपले आकाश बंद केले. रशियाने उलट छत्तीस देशांच्या विमानांस आपले बंद केले. त्याच मार्चमध्ये हेलसिंकीचे विमान पुन्हा ध्रुवावरून जाऊ लागले आणि पुन्हा तेरा तास लागू लागले. पृथ्वी तसूभर वाढली नव्हती. इंधन मात्र अधिक जळू लागले, आणि त्याचा खर्च कोणाच्या तरी पदरी पडणारच. प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचे प्रमाणपत्र मिळे. आजारी आईकडे धावत निघालेल्या एखाद्या लेकीने ते हाती घेऊन काय केले असेल, असा विचार आमच्या मनात येऊन गेला.

हे सर्व ऐकून मुलाने तोच दोरा ध्रुवावरून, बेरिंगवरून वळवून पाहिला. तो जपानच्या पुष्कळ अलीकडेच संपला. आणखी दोरा आहे का, असे त्याने विचारले. आम्ही शिवणाच्या डब्यातून रीळ काढून दिले.