पगारपत्रक घरात वाचा



दसऱ्याच्या तोंडावर बोनस आला की रेल्वे कॉलनीत दोन दिवस आनंद असतो. हा बोनस कुणी दयेने दिलेला नाही. मे 1974 च्या संपातील ती एक प्रमुख मागणी होती. 1979-80 पासून उत्पादकतेशी निगडित बोनस सुरू झाला. 2025 साली 78 दिवसांचे जास्तीत जास्त 17,951 रुपये मिळाले. पण तिसऱ्या दिवशी हा पैसा जातो कुठे? पुष्कळ घरांत तो थेट सावकाराकडे जातो आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो.

हिशेब साधा आहे. महिना शेकडा पाच दराने वीस हजार घेतले तर दरमहा हजार रुपये व्याज. वर्षभरात बारा हजार भरूनही मुद्दल जसेच्या तसे! मग माणूस सुटीच्या दिवशीही ड्युटी मागतो. झोप न झालेला कामगार रुळावर उभा राहतो, तेव्हा प्रश्न केवळ कर्जाचा उरत नाही.

हे लिहिणाराही त्यातून गेला आहे. 1998 साली बहिणीच्या लग्नासाठी काढलेले कर्ज मी दोन वर्षे घरी लपवले. सावकाराचा माणूस दारात आला तेव्हा पत्नीला कळले. ती वही घेऊन बसली. म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर भिशी तेव्हाच उचलली असती." भिशी आणि पतपेढीचे कर्ज, यांतून वर्षभरात सावकार फिटला.

पूर्वी रोख पगार घरी येई, सर्वांना दिसे. आता पगार बँकेत आणि पगारपत्रक मोबाइलमध्ये. ते दरमहा घरात मोठ्याने वाचा. मूळ पगार किती, महागाई भत्ता किती, कपात कशाकशाची, हे नवरा-बायको दोघांनाही ठाऊक हवे. जुन्या कामगाराला अडीनडीला भविष्य निर्वाह निधीतून उचल मिळे. 1 जानेवारी 2004 पासून भरती झालेल्या बहुतेकांना तो निधीच नाही. म्हणून तरुण सभासदांनी अधिक सावध राहावे.

शाखा सचिवांनाही सांगणे आहे. एटीएम कार्ड सावकाराकडे ठेवून बसलेल्या सभासदाला हिणवू नका. त्याला बरोबर घेऊन पतपेढीत जा.

पगारवाढीसाठी आपण लढतो, पुढेही लढू. पण लढून मिळवलेला पगार घराच्या उंबरठ्याच्या आत पोहोचला नाही, तर तो लढा अर्धाच राहिला.