पायाच्या बोटाएवढा एक गुण

पॅरिसच्या बेर्सी अरेनात ११ ऑगस्ट २०२४ रोजी महिला बास्केटबॉलचा ऑलिंपिक अंतिम सामना झाला. अमेरिका ६७, फ्रान्स ६६. त्या ऑलिंपिकमधले अखेरचे सुवर्णपदक याच सामन्यात ठरले. आपल्याकडे तेव्हा घराघरांत विनेश फोगटच्या शंभर ग्रॅमची चर्चा चालू होती, त्यामुळे या सामन्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नसावे. पण सामन्याचा गुणतक्ता शांतपणे वाचायला घेतला, तर एखाद्या कथेइतका तो गुंतवून ठेवतो. बँकेत सारी उमेद आकड्यांच्या रांगा पाहण्यात गेल्यामुळे मला तसे वाटत असेल, हेही खरे.

शेवटची ३.८ सेकंद उरली होती. अमेरिकेच्या काहलिया कॉपरने दोन फ्री थ्रो शांतपणे जाळीत टाकले आणि ६७-६४ झाले. फ्री थ्रो म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगाबद्दल मिळणारी फेक. समोर अडवायला कुणी नाही, आणि एका फेकीला एकच गुण. आता फ्रान्सला तीन गुण हवे होते. गॅबी विल्यम्सने चेंडू घेतला, उडी मारून तो फेकला, तो फळ्यावर आपटून जाळीत गेला आणि भोंगा वाजला. सारे प्रेक्षागृह उठून उभे राहिले. मात्र पंचांची खूण दोन गुणांची होती. उडी घेताना विल्यम्सचा पाय रेषेवर होता.

ही रेषा समजून घेतली पाहिजे. बास्केटपासून ६.७५ मीटरवर ती आखलेली असते (कोपऱ्यांत थोडी जवळ). तिच्या बाहेरून टाकलेल्या चेंडूला तीन गुण, आतून टाकलेल्याला दोन. रेषेची रुंदी पाच सेंटीमीटर, आणि ती आतल्या भागात धरली जाते. बाहेरून उडी मारून आत पडलात तर चालते, पण उडी मारताना रेषेला बोट लागता कामा नये. क्रिकेटमध्ये धाव घेताना बॅट क्रीजच्या आत टेकली नाही की पंच ‘शॉर्ट रन’ची खूण करतात, तशातलाच हा प्रकार. बोट रेषेबाहेर असते तर ६७-६७ अशी बरोबरी होऊन पाच मिनिटांचा जादा डाव झाला असता.

आता गुणतक्ता काय म्हणतो ते पाहा. विल्यम्सच्या नावापुढच्या रांगेत ही फेक ‘यशस्वी’ म्हणून नोंदली आहे. दोन गुणांचा प्रयत्न एक, यश एक. तिच्या एकूण १९ गुणांत ते दोन आहेत, आणि तिच्या अचूकतेची टक्केवारी त्या फेकीने वाढलीच. म्हणजे ज्या फेकीने फ्रान्सचे सुवर्ण हुकले असे जग म्हणते, ती तक्त्यात जमेच्या बाजूला आहे. तेच बोट दोन इंच मागे असते आणि चेंडू कडेला आपटून बाहेर पडला असता, तर ‘प्रयत्न एक, यश शून्य’ लिहिले गेले असते. पराभव तोच, फक्त नोंद उलटी! विनेशच्या बाबतीत याच्या नेमके उलटे झाले. आदल्या दिवशी तिने तीन कुस्त्या जिंकल्या, त्यांत जपानच्या अजिंक्य युई सुसाकीलाही हरवले. पण दुसऱ्या दिवशी वजन भरले आणि नियमानुसार ती थेट शेवटच्या क्रमांकावर गेली.

बँकेतल्या माणसाला यात एक ओळखीची गोष्ट दिसते. संध्याकाळी रोख मोजताना एका रुपयाचा फरक आला, की नवा कारकून शेवटचे व्हाउचर उचलून बघतो. जुना कॅशिअर सकाळच्या पहिल्या व्हाउचरपासून तपासायला बसतो, कारण चूक अकरा वाजताची असू शकते आणि फरक मात्र सहा वाजता दिसतो. या सामन्याचेही तसेच आहे. मध्यंतराला दोन्ही संघ २५-२५ असे बरोबरीत होते. नंतर फ्रान्सने ओळीने दहा गुण मिळवून ३५-२५ अशी आघाडी घेतली, आणि ती आघाडी हातची गेली. त्या चाळीस मिनिटांतला हुकलेला कुठलाही एक फ्री थ्रो, सांडलेला कुठलाही एक पास तेवढ्याच एका गुणाचा धनी आहे. पण त्या वेळी भोंगा वाजत नव्हता, म्हणून कुणाला आठवत नाही. लोकांना एक पाय हवा असतो आणि तो विल्यम्सचा मिळाला. मला हे अन्यायाचे वाटते.

दुसऱ्या बाजूला ए’जा विल्सनची रांग आहे. गुण २१, रिबाउंड १३, ब्लॉक ४. रिबाउंड म्हणजे हुकलेला चेंडू झेपावून ताब्यात घेणे, ब्लॉक म्हणजे प्रतिस्पर्ध्याची फेक हवेतच थोपवणे. गुणांकडे सगळे पाहतात, मी त्या चाराकडे पाहतो. एकेका ब्लॉकने फ्रान्सचे दोन गुण वाचले असतील किंवा नसतील, ते कुठल्याच रकान्यात येत नाही. न घडलेल्या गोष्टीची नोंद करायची कशी? आमच्याकडे काउंटरवर चिडलेल्या पेन्शनरांना हसतखेळत शांत करणारा एक सहकारी होता. ठेवींच्या उद्दिष्टाच्या तक्त्यात त्याच्यापुढे नेहमी कमी आकडा असे, आणि तो रजेवर गेला की दुपारपर्यंत व्यवस्थापक केबिनबाहेर येऊन उभे राहत.

त्याच ठिकाणी आदल्या रात्री पुरुषांचा अंतिम सामना याच दोन देशांत झाला होता. अमेरिकेने तो ९८-८७ असा जिंकला. स्टीफन करीचे २४ गुण, आणि ते सगळेच्या सगळे तीन गुणांच्या आठ फेकींचे! फ्रान्सच्या व्हिक्टर वेम्बान्यामाचे २६, म्हणजे करीपेक्षा दोन जास्त. तरीही छायाचित्रे करीची छापली गेली, कारण त्याच्या शेवटच्या फेकी आठवणीत राहिल्या. इथेही तेच, उशिरा पडलेला गुण मोठा दिसतो.

विल्यम्सबद्दल आणखी एक सांगायला हवे. ती जन्मली अमेरिकेत, नेवाडा राज्यातल्या स्पार्क्स गावी. फ्रान्सशी नाते आईकडून. शाळेत असताना उंच उडीत ती २०१२ च्या अमेरिकन ऑलिंपिक निवड चाचणीपर्यंत पोहोचली होती. त्या दिवशी समोर उभी असलेली ब्रिआना स्ट्यूअर्ट ही तिची कनेक्टिकट विद्यापीठातली सहखेळाडू. पॅरिसनंतर काही दिवसांतच विल्यम्स सिएटल स्टॉर्म संघाकडून पुन्हा अमेरिकेत खेळायला लागली.

आणि तक्त्यातली एक रांग अगदी कोरी आहे, डायना टॉरासीची. वय ४२. अंतिम सामन्यात तिला मैदानात उतरवलेच नाही, म्हणून मिनिटे नाहीत, गुण नाहीत, काहीच नाही. २००४ च्या अथेन्सपासून मोजत आले, तर त्या दिवशी तिच्या गळ्यात पडलेले पदक सहावे सुवर्ण होते.